आठ निवडलेले, चार नेमलेले

लोकसभेत दरवर्षी एक प्रस्ताव मांडला जातो. सभागृहाने आपल्यातून पंधरा सदस्य लोकलेखा समितीवर निवडून द्यावेत, आणि ही निवड प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वानुसार, एकल संक्रमणीय मतपद्धतीने व्हावी, असा त्याचा आशय असतो. आवाजी मतदानाने तो संमत होतो आणि कामकाज पुढे सरकते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याची ओळसुद्धा येत नाही. मला मात्र संसदीय कामकाजातल्या मोजक्या मोलाच्या वाक्यांपैकी हे एक वाटते. समितीवर कोणी बसायचे, हे कोणी ठरवायचे? या प्रश्नावर लंडन, मुंबई आणि दिल्लीत झालेली भांडणे त्या वाक्यात साठलेली आहेत.

समितीच्या जागेला एवढे महत्त्व का, ते आधी सांगायला हवे. सरकारने मंजूर पैसा कुठे खर्च केला, नियम पाळले की नाही, कामे अर्धवट का राहिली, हे महालेखापरीक्षक तपासतात. त्यांचा अहवाल विधिमंडळाच्या पटलावर येतो, आपल्याकडे बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, चर्चेला वेळच उरलेला नसताना. तो वाचण्याचे, खात्याच्या सचिवांना साक्षीला बोलावून परिच्छेदामागून परिच्छेद विचारण्याचे काम लोकलेखा समितीत होते. सभागृहात आमदार पक्षाच्या बाजूने बोलतो. समितीत त्याच्यासमोर फाइल असते, समोर अधिकारी असतो, आणि टाळ्या वाजवायला कोणी नसते. त्या खोलीत कोण शिरले यावर काय उघडकीला येईल हे बरेचसे अवलंबून असते.

या निवडीच्या वंशावळीत तीन घराणी आहेत. ठरावातच नावे घालून समिती नेमायची, हे सर्वांत जुने. पीठासीन अधिकाऱ्याने किंवा सरकारने सदस्य नेमायचे, हे दुसरे. आणि सभागृहाने मतपत्रिकेवर निवडायचे, हे सर्वांत धाकटे. लोकसभेच्या नियमांत आजही तिन्ही एकाच कलमात नांदतात: समितीचे सदस्य सभागृह प्रस्तावाने नेमील, किंवा निवडील, किंवा अध्यक्ष नामनियुक्त करतील.

पहिल्या घराण्याचे मूळ इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये. तिथे सतराव्या-अठराव्या शतकात अनेक समित्यांना ठरावीक सदस्यच नसत. जो सदस्य बैठकीला येईल त्याला मत, असा रिवाज होता. ऐकायला उदार वाटते, पण ज्याचा स्वार्थ गुंतला आहे तोच धावत येई. कालवे, रस्ते आणि मग रेल्वे यांची खाजगी विधेयके आली तेव्हा त्या भागातले, जमिनी आणि शेअर बाळगणारे सदस्य समितीत गर्दी करू लागले. म्हणून १८३९मध्ये कॉमन्सने खाजगी विधेयकांच्या समित्यांसाठी निवड समिती स्थापन केली, आणि पुढे रेल्वेच्या विधेयकांसाठी तर स्थानिक हितसंबंध नसलेल्यांच्याच छोट्या समित्या करण्याची पद्धत आली. समितीतल्या सदस्याचा विषयात वैयक्तिक, आर्थिक किंवा थेट हितसंबंध असेल तर त्याच्या नावाला हरकत घेता येते, हा आपल्याकडचा नियम त्याच अनुभवाचा वारस आहे.

त्याच काळातला आणखी एक संकेत होता. विधेयकाच्या मूळ तत्त्वालाच ज्याचा विरोध, त्याला त्या विधेयकाच्या समितीवर घेऊ नये. मूल ज्या दाईला नकोसे आहे तिच्या हाती ते देऊ नये, असे तिथले जुने सदस्य म्हणत. प्रवर समितीसाठी हा संकेत समजण्यासारखा आहे, कारण तिला विधेयक सुधारायचे असते. पण हिशेब तपासणाऱ्या समितीला तोच लावला तर तिचा हेतूच संपतो. ज्याला सरकारचा खर्च खटकतो, त्याच्यासाठीच तर ती समिती. या फरकातून पुढचा सगळा इतिहास घडला.

मुंबईत विधिपरिषदेची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाउन हॉलमध्ये भरली. १८६१च्या कायद्याने गव्हर्नरला चार ते आठ जादा सदस्य नेमण्याचा अधिकार दिला होता आणि त्यांतले निम्मे तरी बिनसरकारी असावेत अशी अट होती. जगन्नाथ शंकरशेठ त्या पहिल्या नेमणुकांपैकी एक. परिषदेला प्रश्न विचारता येत नसत, अंदाजपत्रकावर बोलता येत नसे. काम फक्त कायदे करण्याचे. त्यामुळे नेमलेल्या मोजक्या हिंदी सदस्यांना कलमांवर तपशिलाने बोलायची जागा म्हणजे प्रवर समिती. परिषदच नेमलेली, तिची समितीही ठरावाने नेमलेली. निवडणूक हा विषय कुठेच नव्हता.

तो आधी शिरला महापालिकेत. संसदीय समित्यांचा इतिहास लिहिणारे हे पान सहसा उलटत नाहीत, म्हणून मी इथे थोडा थांबतो. १८६०च्या दशकात मुंबईचा कारभार आर्थर क्रॉफर्ड या एकाच आयुक्ताच्या हाती होता. त्याने शहर झपाट्याने सुधारले आणि तितक्याच झपाट्याने खर्च केला. करदाते संतापले, हिशेबांवर नजर कोणाची हा प्रश्न पेटला. १८७१च्या त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी भूमिका घेतली की दोष आयुक्ताच्या अधिकारांत नाही, त्याच्यावर लोकांनी निवडलेली नजर नाही यात आहे. १८७२च्या कायद्याने नगरपालिकेत निवडून आलेले सदस्य आले आणि खर्चावर देखरेख ठेवायला बारा जणांची टाउन कौन्सिल आली. त्यांतले आठ सदस्य महापालिकेने निवडायचे, चार सरकारने नेमायचे, आणि त्या चारांतलाच एक अध्यक्ष. १८८८च्या कायद्याने टाउन कौन्सिलची स्थायी समिती झाली. आठ-चारचे प्रमाण तेच राहिले.

हे प्रमाण लक्षात ठेवावे, कारण पन्नास वर्षांनी ते दिल्लीत पुन्हा भेटते.

मधल्या काळात कौन्सिलांचा विस्तार होत गेला. १८९२च्या कायद्याने अंदाजपत्रकावर बोलता आणि प्रश्न विचारता येऊ लागले, पण अंदाजपत्रकावर मत देता येत नव्हते. टिळक १८९५मध्ये मुंबईच्या कौन्सिलात आले, गोखले १८९९मध्ये. १९०१मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक सरकार घाईने रेटू लागले, तेव्हा मेहतांनी ते थांबवून लोकांची मते मागवावीत अशी सूचना आणली. सरकारी बहुमताने ती पडली. मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी सभागृहातून बाहेर पडले. विधेयक संमत झाले. मत मोजून हरणार हे ठरलेलेच असेल, तर अल्पमताने काय करायचे? हा प्रश्न त्या दिवशी पुण्यात भरलेल्या त्या कौन्सिलात उघडा पडला.

त्याच प्रश्नाने इंग्लंडमध्ये वेगळ्या माणसाला पछाडले होते. थॉमस हेअर हा लंडनचा वकील. १८५०च्या दशकाच्या अखेरीस त्याने एक योजना मांडली, तीच एकल संक्रमणीय मतपद्धत. मतदाराने एका नावापुढे फुली मारण्याऐवजी पसंतीक्रम लिहायचा: पहिला, दुसरा, तिसरा. निवडून यायला लागणारा मतांचा आकडा, म्हणजे कोटा, आधीच ठरवायचा. ज्याला कोट्याहून जास्त मते मिळतील, त्याची जादा मते दुसऱ्या पसंतीकडे वळवायची. जो शर्यतीतून बाद होईल त्याचीही मते पुढे जायची. डेन्मार्कमध्ये कार्ल आंद्रे याने अशीच पद्धत स्वतंत्रपणे १८५५मध्ये अमलात आणली होती. जॉन स्टुअर्ट मिलला हेअरची योजना इतकी पटली की १८६७मध्ये त्याने ती पार्लमेंटात मांडली. ती स्वीकारली गेली नाही. पुढच्याच वर्षी हेन्री ड्रूप याने कोट्याचे आज वापरात असलेले सूत्र दिले: एकूण मतांना जागांपेक्षा एकने जास्त अशा संख्येने भागा, आणि भागाकाराच्या पूर्णांकात एक मिळवा.

हेअरचा विचार मला फार मोठा वाटतो. शंभरांत एकवीस लोक एका मताचे असतील, तर चारजणांच्या मंडळात त्यांचा एक माणूस असलाच पाहिजे, आणि तो बाकीच्यांच्या मेहेरबानीने नव्हे, त्यांच्या स्वतःच्या मतांनी. ब्रिटिश पार्लमेंटने स्वतःच्या सर्वसाधारण मतदारसंघांसाठी ही योजना स्वीकारली नाही. ती सर्वांत व्यवस्थित जिथे बसली, ती जागा म्हणजे सभागृहाच्या आतल्या छोट्या निवडणुका. मतदार कमी, सगळे लिहिणारे-वाचणारे, आणि जागा मोजक्या.

हिशेब तपासणाऱ्या समितीची कथा त्याच दशकातली. अर्थमंत्री ग्लॅडस्टनने १८६१मध्ये कॉमन्समध्ये लोकलेखा समिती नेमली. १८६६च्या कायद्याने स्वतंत्र लेखापरीक्षकाचे पद घडले आणि समितीच्या हाती त्याचे अहवाल येऊ लागले. समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असावा, हा संकेत तिथे रुळला.

हे दोन प्रवाह भारतात एकत्र आले ते १९१९च्या सुधारणांनंतर. १९२१मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाची लोकलेखा समिती स्थापन झाली तेव्हा तिची रचना अशी: एकूण बारा जण. त्यांतले आठ विधिमंडळाच्या बिनसरकारी सदस्यांनी, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, एकल संक्रमणीय मताने निवडायचे. तिघे गव्हर्नर जनरलने नेमायचे. आणि अर्थखात्याचा सदस्य हा पदसिद्ध अध्यक्ष. म्हणजे आठ निवडलेले आणि चार सरकारचे. मुंबईच्या टाउन कौन्सिलचेच प्रमाण. एकावरून दुसरे उचलले असे मी म्हणत नाही. पण निवडलेल्यांना बहुमत द्यायचे आणि खुर्ची मात्र आपल्या हाती ठेवायची, ही राज्यकर्त्यांची एकच समजूत दोन्हीकडे दिसते. प्रांतांच्या कौन्सिलांसाठीही त्याच धर्तीचे नियम झाले: दोनतृतीयांशांहून कमी नाहीत इतके सदस्य बिनसरकारी सदस्यांनी निवडलेले, अध्यक्ष अर्थसदस्य. मुंबईच्या नव्या कौन्सिलचे पहिले अध्यक्ष होते सर नारायण चंदावरकर. त्यांच्या कारकिर्दीत ही व्यवस्था मुंबईत उभी राहिली.

त्या नियमातले ‘बिनसरकारी सदस्यांनी’ हे शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. ज्यांचा खर्च तपासायचा, त्या सरकारी बाकांवरच्या सदस्यांना या आठ जागांसाठी मतच नव्हते. परक्या राजवटीने, अगदी तोलून मापून दिलेल्या सुधारणांत, हिशेब देणाऱ्याला हिशेब घेणारा निवडू दिला नव्हता. स्वराज्यात हा शब्द गळला. आज लोकलेखा समितीच्या निवडणुकीत मतदार म्हणजे संपूर्ण सभागृह, सत्ताधारी बाकांसह. त्याच्या बदल्यात दुसरे कुंपण आले: मंत्री समितीवर निवडला जाऊ शकत नाही, आणि निवडलेला सदस्य पुढे मंत्री झाला तर त्याची जागा रिकामी होते.

समितीतली एक जागा काय करू शकते याचे मुंबईतले सर्वांत ठळक उदाहरण हिशेबाच्या समितीचे नाही. १९२७मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कौन्सिलचे नेमलेले सदस्य झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या वतीने नेमलेल्या दोघांपैकी ते एक. सायमन आयोगावर देशभर बहिष्काराची हाक असताना मुंबई कौन्सिलने आयोगाबरोबर काम करण्यासाठी १९२८च्या ऑगस्टमध्ये प्रांतिक समिती नेमली, आणि तिच्यात आंबेडकर होते. समितीचे अध्यक्ष शाह नवाझ भुट्टो. बहुमताचा अहवाल तयार झाला तेव्हा आंबेडकरांनी त्यावर नुसती नापसंतीची ओळ लिहिली नाही. १७ मे १९२९ रोजी त्यांनी मुंबई इलाख्याच्या राज्यघटनेवर स्वतंत्र, सविस्तर अहवाल दिला. प्रौढ मताधिकार द्या, विभक्त मतदारसंघ नकोत, संयुक्त मतदारसंघात राखीव जागा द्या, असे त्यात त्यांनी मांडले. समितीतल्या बहुमताला ते मान्य नव्हते. पण समितीचा सदस्य म्हणून लिहिलेला तो कागद समितीच्या दप्तरात गेला, आयोगापर्यंत गेला आणि आज आपल्यापर्यंत पोहोचला. सभागृहातले भाषण सरकारी मतांनी हरवता आले असते. स्वतंत्र अहवाल मतदानाने पाडता येत नाही. १९०१ साली मेहता-गोखल्यांना जो मार्ग नव्हता, तो समितीच्या एका जागेने इथे मोकळा केला.

स्वातंत्र्यानंतर नियम नव्याने लिहावे लागले नाहीत. राज्यघटनेने संसदेला आणि राज्यांच्या विधिमंडळांना स्वतःचे नियम करण्याचा अधिकार दिला आणि ते होईपर्यंत आधीचेच नियम, अध्यक्षांनी केलेल्या फेरबदलांसह, चालू ठेवले. म्हणून १९२१ची मतपत्रिका सरळ प्रजासत्ताकात चालत आली. बदलली ती खुर्ची. २६ जानेवारी १९५०पासून केंद्रातली लोकलेखा समिती अर्थखात्याच्या छायेतून निघून संसदेच्या अध्यक्षांच्या अखत्यारीत आली. अर्थमंत्री तिचे अध्यक्ष राहिले नाहीत. तेव्हा संसदेच्या अध्यक्षपदी होते गणेश वासुदेव मावळंकर. त्याआधी १९३७पासून ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते, त्यामुळे समित्या सरकारी कारकुनांच्या हाती असल्या की काय होते हे त्यांना ठाऊक होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या कारकिर्दीत अंदाज समिती उभी राहिली. पुढे राज्यसभेचे सात सदस्य जोडले गेले आणि लोकलेखा समिती बावीसजणांची झाली.

तरीही पुढची सतरा वर्षे समितीचा अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचाच होता. १९६७च्या निवडणुकीत काँग्रेसचे बळ घटले आणि त्यानंतर स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी लोकलेखा समितीचे पहिले विरोधी अध्यक्ष झाले. मसानी मुंबईचे माजी महापौर. आठ-चारच्या समितीची जी नगरी, तिथलाच माणूस. त्यानंतर विरोधकांकडे ही खुर्ची देण्याचा संकेत पडला, आणि नियमात एक शब्दही नसताना तो टिकला. महाराष्ट्रातही तो दिसतो. २०१४नंतर भाजप-शिवसेनेच्या राज्यात काँग्रेसचे गोपालदास अग्रवाल, महाविकास आघाडीच्या काळात भाजपचे सुधीर मुनगंटीवार, आणि २०२५मध्ये पुन्हा काँग्रेसचे विजय वडेट्टीवार. सरकारे उलटसुलट झाली, पक्ष फुटले, पण ही एक खुर्ची समोरच्या बाकांकडे जात राहिली. याबद्दल विधिमंडळाचे कौतुक करायला हवे.

मतपत्रिकेचे मात्र काय झाले? लोकसभेत ती क्वचितच हाताळली जाते. पक्षांचे प्रतोद आपसात बसून संख्याबळाप्रमाणे जागा वाटून घेतात, पंधरा जागांना पंधराच अर्ज येतात आणि सगळे बिनविरोध. महाराष्ट्रात समित्यांची नावे पक्षांनी दिलेल्या याद्यांवरून ठरतात आणि पीठासीन अधिकारी ती जाहीर करतात. महापालिकांच्या कायद्यात तर हे उघडच लिहिले आहे: तौलनिक संख्याबळानुसार जागा, आणि गटनेत्याने दिलेली नावे. हेअरच्या योजनेत पक्ष नव्हताच. होता मतदार आणि त्याचा पसंतीक्रम. यादीच्या पद्धतीत पक्षाचा वाटा सांभाळला जातो, पण पक्षातला अभ्यासू आणि अडचणीचे प्रश्न विचारणारा सदस्य नेत्याच्या मर्जीवर राहतो. मतपत्रिका असती तर दुसऱ्या पक्षातल्यांच्या पसंतीवरही तो येऊ शकला असता. ही हानी आकड्यांत दिसत नाही, म्हणून कोणी बोलत नाही.

आकड्यांत काय दिसते तेही पाहू. समजा, २८८ आमदारांच्या विधानसभेने पंधराजणांची समिती मतपत्रिकेवर निवडायची ठरवली. २८८ भागिले १६ म्हणजे १८. त्यात एक मिळवला की कोटा १९. नोव्हेंबर २०२४च्या निकालानुसार उद्धव ठाकऱ्यांच्या शिवसेनेचे २०, काँग्रेसचे १६ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे १० आमदार. पहिल्या पक्षाला एक जागा हमखास. काँग्रेस कोट्याला तीन मतांनी अडते, राष्ट्रवादी नऊ मतांनी. पण या ४६ जणांनी पसंतीक्रम एकमेकांना दिले तर दोन जागा पक्क्या होतात आणि तिसऱ्या जागेसाठी आठ मते हाताशी उरतात. छोट्या पक्षांच्या दुसऱ्या पसंती जोडून ती लढवता येते. एकेकटा माणूस असलेल्या पक्षांनाही तिथे किंमत येते, कारण शेवटच्या जागेचा निकाल त्यांच्या मतांवर फिरू शकतो. प्रतोदांच्या बैठकीत त्यांना खुर्ची नसते.

हे सगळे हिशेबाच्या समितीबद्दल झाले. विधेयकांच्या समित्यांत अजून पहिलेच घराणे राज्य करते. महाराष्ट्राचे जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४मध्ये विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे गेले. दोन्ही सभागृहांतले, दोन्ही बाजूंचे सदस्य त्यात होते आणि अध्यक्ष होते महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे. बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती समितीकडे आल्या. जुलै २०२५मध्ये विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले. ज्या मंत्र्याला लोकलेखा समितीच्या दारातून आत येता येत नाही, तोच इथे अध्यक्षस्थानी बसतो, आणि नियमाने ते योग्यच ठरते, कारण विधेयकाची समिती त्या जुन्या दाईच्या संकेतावर उभी आहे. एवढ्या सूचना आलेल्या विधेयकाची समिती कोणी निवडावी, तिचा अध्यक्ष मंत्री असावा का, याची चर्चा मला विधेयकाच्या कलमांइतकीच महत्त्वाची वाटते, आणि ती झाली नाही याची मला खंत आहे.

लोकसभेचा नियम मात्र अजून जागच्या जागी आहे. सदस्याची तयारी नसेल तर त्याला समितीवर नेमता येत नाही. आणि पंधरा जागांसाठी सोळावा अर्ज आला, तो मागे घेतला गेला नाही, तर मतपत्रिका छापाव्या लागतात, पसंतीक्रम मोजावे लागतात. ५४३ जणांच्या लोकसभेत त्या दिवशी कोटा असेल चौतीस.